९५ लाखांचा हिशेब आणि आपली सही

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले ४८ आणि राज्यसभेवर गेलेले १९ माननीय सदस्य



हे पत्र मी आपणा सर्वांना एकत्रच लिहीत आहे. कोण कोणत्या पक्षाचा हे त्यात पाहिलेले नाही, कारण या विषयात आपण सगळे एका बाजूला आहात आणि आम्ही मतदार दुसऱ्या. माझे सारे आयुष्य एका पतसंस्थेत जमाखर्च लिहिण्यात गेले. व्हाउचर नसेल तर दहा रुपयांचा खर्चही मान्य होत नसे. त्या सवयीने मी निवडणुकीचे हिशेब वाचतो, आणि वाचून झाल्यावर गप्प बसणे मला शक्य होत नाही.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे निकालानंतर ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. सोबत तो खरा आणि पूर्ण असल्याचे शपथपत्र असते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख रुपये होती. आपल्यापैकी ४८ जण ते शपथपत्र देऊनच सभागृहात बसले आहेत. माझा पहिला प्रश्न सरळ आहे : आपण सही केलेला तो हिशेब खरा होता का?

आपला मतदारसंघ सरासरी १९ लाख मतदारांचा आहे. ९५ लाख रुपये म्हणजे मतदारामागे पाच रुपये. तेवढ्यात सभांचे मंडप, गाड्या, डिझेल, बूथवरच्या कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता, स्लिपा, एलईडी व्हॅन, मोबाईलवरचा प्रचार आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती बसवल्याचे आपण शपथेवर सांगितले आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर मीडिया स्टडीज या संस्थेने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीवर सगळ्यांचा मिळून ५५ ते ६० हजार कोटी रुपये खर्च झाल्याचा अंदाज मांडला होता. ५४३ मतदारसंघांनी भागले तर एका मतदारसंघामागे शंभर कोटींहून जास्त येतात. तेव्हा उमेदवाराची मर्यादा ७० लाख होती. हा अंदाज निम्म्याने चुकला असे धरले, तरी शपथपत्रातला आकडा आणि मैदानातला आकडा एकाच निवडणुकीचे वाटत नाहीत.

हे आम्हीच म्हणतो असेही नाही. जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका जाहीर कार्यक्रमात दिवंगत गोपीनाथ मुंडे यांनी सांगितले होते की, २००९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांचा आठ कोटी रुपये खर्च झाला. त्या वेळी मर्यादा २५ लाखांची होती आणि त्यांनी दाखवलेला खर्च २० लाखांच्याही आत होता. निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस पाठवली. त्या दिवशी व्यासपीठावर आणि समोर बसलेल्या कोणत्याही पुढाऱ्याला तो आकडा ऐकून धक्का बसला असेल, असे मला वाटत नाही. त्यांनी जे मोकळेपणाने बोलून दाखवले, ते त्यांच्या आधी आणि नंतर निवडून आलेल्या किती जणांनी मनातच ठेवले? आपण त्यांपैकी एक आहात का?

दुसरी गोष्ट मला हिशेबनीस म्हणून अधिकच खटकते. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने २०१४ मध्ये निवडून आलेल्या खासदारांचे हिशेब तपासले. त्यांचा सरासरी खर्च ४० लाखांच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या ५८ टक्के होता. आपण शपथेवर सांगता की आम्हाला मर्यादेइतके पैसेही लागत नाहीत. मग मर्यादा ७० लाखांवरून ७७ आणि २०२२ मध्ये ७७ वरून ९५ लाखांवर का न्यावी लागली? विधानसभेची मर्यादा २८ लाखांवरून ४० लाखांवर का गेली? ९५ लाखांत निवडणूक होत नसेल, तर तसे संसदेत उभे राहून स्पष्ट सांगा. मर्यादा दोन कोटी करा, पाच कोटी करा, त्यावर आम्ही वाद घालू. पण जी मर्यादा ठरेल तिच्यात सगळा खर्च धरा. खोटी मर्यादा आणि तिच्यावर खोटी शपथ, या दोन्हींवर लोकप्रतिनिधीची कारकीर्द सुरू होते हे आम्हाला मान्य नाही.

शिवाय हिशेब सुरू कधी होतो? उमेदवारी अर्ज भरला त्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत. बाकीच्या दिवसांचा खर्च कायद्याच्या दृष्टीने झालेलाच नसतो. संक्रांतीच्या हळदी-कुंकवात वाटलेल्या साड्या आणि भांडी, दिवाळीत घरोघर पोचलेली उटण्याची पाकिटे, दहीहंडीची बक्षिसे, आरोग्य शिबिरे, पंढरपूर, शिर्डी, उज्जैनच्या सहली, चौकाचौकातले फ्लेक्स... हे सगळे वर्षभर चालते, आणि निवडणुकीचे वर्ष आले की दुप्पट होते. हे पैसे कोण देतो, हे गल्लीतल्या पोरालाही माहीत असते. अर्ज भरला की खर्च निरीक्षक येतात, भरारी पथके नाक्यावर उभी राहतात, छाया नोंदवही उघडली जाते, वडापाव किती रुपयांचा आणि खुर्चीचे भाडे किती याचे दरपत्रक लागते. निवडणूक शाखेतले कर्मचारी रात्र-रात्र जागून खुर्च्या मोजतात. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. पण मोठा खर्च त्यांच्या नोंदवहीच्या आधी होऊन गेलेला असतो, किंवा शेवटच्या दोन रात्रींत अंधारात होतो. लक्ष्मीदर्शन हा शब्द आपल्यासमोर उच्चारला तर आपण तो काय असतो असे विचारणार नाही, याची मला खात्री आहे.

विधान परिषदेच्या निवडणुकीत तर खर्चाला मर्यादाच नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघात नगरसेवकांना आणि जिल्हा परिषद सदस्यांना सहलीवर नेऊन मतदानाच्या सकाळीच परत आणले जाते, हे महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे. राज्यसभेत बसलेल्या आपल्यापैकी कोणी यावर कधी प्रश्न विचारला आहे का?

आता या सगळ्याच्या मुळाशी येतो. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. हे अनवधानाने झालेले नाही. ते आपल्या सभागृहाने समजून-उमजून केलेले आहे. १९७१ च्या निवडणुकीत दिल्ली सदर मतदारसंघातून अमरनाथ चावला निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी कंवरलाल गुप्ता न्यायालयात गेले. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, उमेदवाराच्या माहितीने आणि संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च हा त्याचाच खर्च धरला पाहिजे. न्यायमूर्ती भगवती यांनी त्यामागचे कारणही सांगितले होते : तसे धरले नाही, तर मर्यादेला काही अर्थ उरत नाही आणि पैसेवाला पक्ष गरीब उमेदवाराला मैदानाबाहेर फेकतो. हा निकाल समजायला वकील लागत नाही. आणि सरकारने काय केले? त्याच महिन्यात अध्यादेश काढला. पुढे कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडले आणि तेही पूर्वलक्षी प्रभावाने. पक्षाने किंवा मित्रमंडळींनी केलेला खर्च उमेदवाराच्या खात्यात धरायचा नाही, असा तो बदल होता. ती पळवाट जवळजवळ तीस वर्षे उघडी राहिली.

२००३ मध्ये ती थोडी बुजवली गेली. मात्र त्याच दुरुस्तीने स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च वगळला. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० प्रचारक नेमता येतात. त्यांची हेलिकॉप्टर आणि विमाने उमेदवाराच्या हिशेबात येत नाहीत. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला तर कसलीच मर्यादा नाही. नाव-फोटो दिसला तर मात्र खर्च उमेदवाराच्या खात्यात जातो, म्हणून तर सभेत उमेदवाराचे नाव आणि फोटो कुठे ठेवायचा आणि कुठे झाकायचा याची काळजी घेतली जाते. १९७४ मध्ये सरकार काँग्रेसचे होते, २००३ मध्ये भाजपच्या नेतृत्वाखालचे. पन्नास वर्षांत दिल्लीत आणि मुंबईत बहुतेक प्रत्येक पक्ष कधी ना कधी सत्तेवर बसला. ती वाट पूर्ण बंद करायला कोणीच उठला नाही. ब्रिटनने २००० मध्ये कायदा करून पक्षांच्या प्रचारखर्चालाही मर्यादा घातली. तिथली निवडणूक त्यामुळे थांबली नाही. मग आपल्याला अडचण कोणती आहे?

पैसा येतो कुठून, हा प्रश्न मुंबईत फार पूर्वीच विचारला गेला होता. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला पक्षांना देणग्या देण्यासाठी आपल्या घटनेत बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली, पण कंपन्यांच्या पैशाने लोकशाहीला किती मोठा धोका संभवतो हे बजावून संसदेने याकडे लक्ष द्यावे असेही सुचवले. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. पुढे सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. २०१७ च्या वित्त कायद्याने तीही काढून टाकली आणि निवडणूक रोखे आणले. नावे कोणालाच कळणार नाहीत, अशी व्यवस्था पारदर्शकतेच्या नावाखाली आम्हाला दिली गेली. विधेयक मनी बिल म्हणून मांडले गेले आणि राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने फेटाळल्या.

रोख्यांतून १६ हजार कोटींहून अधिक रक्कम गेली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. सर्वांत मोठा वाटा भाजपला मिळाला होता, पण राज्याराज्यांत सत्तेवर असलेल्या इतर अनेक पक्षांनीही रोखे वटवले. सर्वांत जास्त रोखे घेणारी कंपनी लॉटरीच्या धंद्यातली निघाली. तिने १,३६८ कोटींचे रोखे घेतले होते. ही नावे आम्हाला कळली ती न्यायालयामुळे. आपल्यापैकी एकानेही स्वतःहून, माझ्या पक्षाला कोणी पैसे दिले ते मी सांगतो, असे म्हटले नाही. निकालानंतर कायदा दुरुस्त करून नवी, उघडी व्यवस्था उभी करणे हे संसदेचे काम होते. ते झाले नाही. आता पैसा इलेक्टोरल ट्रस्टमधून येतो. तिथे अनेक कंपन्यांच्या रकमा एकत्र होऊन अनेक पक्षांत वाटल्या जातात, आणि कोणाचा पैसा कोणाकडे गेला हा प्रश्न पुन्हा अनुत्तरित राहतो.

वीस हजारांच्या आतल्या देणगीदाराचे नाव पक्षाला आजही कळवावे लागत नाही. मी पतसंस्थेत सभासदाची शंभर रुपयांची ठेव पावतीशिवाय घेऊ शकत नव्हतो. सप्टेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने कायदामंत्र्यांना लिहिले की ही मर्यादा दोन हजारांवर आणा आणि रोख देणग्या एकूण देणग्यांच्या २० टक्के किंवा २० कोटी, यांपैकी जे कमी असेल त्यापुरत्या ठेवा. त्या पत्राचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. आपण विचारले का?

आपल्या सोयीचे असेल तेव्हा कायदा किती वेगाने होतो, हेही आम्ही पाहिले आहे. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी परदेशी स्रोताकडून देणग्या घेऊन कायदा मोडल्याचे ठरवले. २०१६ मध्ये परदेशी स्रोताची व्याख्या बदलली. २०१८ च्या वित्त विधेयकातून तो बदल थेट ५ ऑगस्ट १९७६ पासून लागू केला गेला. लोकसभेत ते विधेयक चर्चेशिवाय मंजूर झाले. बेचाळीस वर्षे मागे जाऊन दोष पुसून टाकायला सभागृहाला चर्चाही लागली नाही. याउलट ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असा आदेश दिला. त्यांत आपल्या राज्यात घडलेली राष्ट्रवादीही होती. सहांपैकी एकाही पक्षाने तो मानला नाही. जे पक्ष आयकरातून सूट घेतात, सरकारी वाहिनीवर मोफत वेळ घेतात, ते नागरिकाला साधा हिशेब नाकारतात. आपण त्या पक्षांचे सदस्य आहात, काही जण पदाधिकारी आहात.

उपाय माहीत नाहीत असे आपण म्हणू शकत नाही. १९९० ची गोस्वामी समिती, १९९८ ची इंद्रजित गुप्ता समिती, १९९९ आणि २०१५ चे विधी आयोगाचे अहवाल संसदेच्या ग्रंथालयात आहेत. इंद्रजित गुप्ता समितीने सरकारी मदत रोख न देता वस्तू आणि सुविधांच्या रूपात द्यावी असे सांगितले होते. माझे मत असे की नुसता सरकारी पैसा दिला, तर काळ्या पैशाला तो पूरक ठरेल, पर्याय ठरणार नाही. आधी पक्षाच्या खर्चाला मर्यादा, प्रत्येक देणगीदाराचे नाव उघड, पक्षांच्या हिशेबाची बाहेरच्या तपासनिसाकडून तपासणी. मग मदतीचे बोला.

याची किंमत कोण मोजतो? गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा विधानसभेवर गेले, आणि एसटीतून प्रवास करणारा आमदार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत राहिला. मधू दंडवते राजापूरसारख्या गरीब मतदारसंघातून पाच वेळा लोकसभेवर गेले. राजू शेट्टी यांनी एक व्होट, एक नोट म्हणून शेतकऱ्यांच्या वर्गणीतून लोकसभा जिंकून दाखवली. आज चळवळीत वीस वर्षे घालवलेला एखादा कार्यकर्ता तिकीट मागायला गेला, की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो पैसे किती लावणार हाच. २०२४ मध्ये निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी ५०४ कोट्यधीश आहेत, हे आपल्याच शपथपत्रांवरून निघालेले आहे. श्रीमंत असणे हा गुन्हा नाही. पण शेतमजूर, अंगणवाडी सेविका, गिरणी कामगाराचा मुलगा यांना उमेदवारीच्या दारातच अडवले जात असेल, तर मतदानाच्या दिवशी आम्ही निवड नेमकी कशातून करतो?

आणि जो पैसा लावतो तो वसूल करतो. रस्त्याच्या कामातली टक्केवारी, आरक्षण उठलेला भूखंड, वाळूचा ठेका, बदल्यांचे दर, ही त्या वसुलीची ठिकाणे आहेत. पहिल्या पावसात वाहून गेलेल्या रस्त्याची किंमत आम्ही करातून एकदा भरतो आणि खड्ड्यातून दुसऱ्यांदा.

लोकच पैसे मागतात, असे आपल्यापैकी अनेक जण खासगीत सांगतात. काही लोक घेतात, हे खरे आहे, आणि मी त्यांचे समर्थन करणार नाही. पण घेणाऱ्याच्या हातात पाकीट कोणीतरी आणून ठेवतो. पाच वर्षे ज्यांच्या दाराशी रेशन, पाणी, दाखला यांसाठी कोणी फिरकले नाही, त्यांना त्या पाकिटापलीकडे सरकारकडून काही मिळेल असा विश्वास उरलेला नसतो. तो विश्वास घालवण्यात आपला वाटा किती, याचा आधी विचार व्हावा.

माझी मागणी आपल्या अधिकारात बसणारी आहे. खासगी सदस्याचे विधेयक मांडायला पक्षश्रेष्ठींची सही लागत नाही. अधिवेशनात शुक्रवारी त्यासाठी वेळ राखलेला असतो. पक्षाच्या निवडणूक खर्चाला मर्यादा घालणारी, विधान परिषदेच्या निवडणुकीलाही मर्यादा लावणारी आणि देणगीदाराचे नाव रुपयापासून उघड करणारी दुरुस्ती आपल्यापैकी मंत्री नसलेला कोणीही एकजण मांडू शकतो. ती मंजूर होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ती कामकाजात नोंदली जाईल, आणि तिच्या बाजूने कोण बोलले आणि कोण गप्प राहिले, हेही नोंदले जाईल.

आपण ६७ जण आहात. येत्या अधिवेशनात हे विधेयक आपल्यापैकी कोण मांडणार आहे, ते मतदारांना जाहीरपणे सांगावे. आणि कोणीच मांडणार नसेल, तर तेही आपल्या सहीनिशी कळवावे.

आपला,
महाराष्ट्रातील एक मतदार